धर्मादाय संस्थेवर नजर कोणाची? नियामक ओळखण्यापासून तक्रार लिहिण्यापर्यंत

‘संस्था रजिस्टर्ड आहे ना?’ देणगी देणारा हे विचारतो, नव्याने विश्वस्त होणारा विचारतो, पहिलीच बातमी करायला निघालेला पत्रकारही हेच विचारतो. समोरून ‘हो’ आलं की चौकशी तिथेच थांबते. खरं तर नोंदणीचा अर्थ एवढाच, की कोणीतरी कागद पाहून क्रमांक दिला. कोणी पाहिले, काय शोधायला पाहिले आणि त्यानंतर परत कधी पाहिले, हे विचारायचं राहूनच जातं. हा लेख त्या राहिलेल्या प्रश्नांसाठी आहे.

ब्रिटनमधल्या ‘कप ट्रस्ट’चं उदाहरण सगळ्यात आधी सांगतो. २००९ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या चॅरिटी कमिशनकडे या संस्थेची रीतसर नोंदणी झाली. दोन वर्षांत हिशेबात १७ कोटी ६० लाख पौंडांच्या देणग्या दिसल्या आणि प्रत्यक्ष धर्मादाय कामाला गेले सुमारे ५५ हजार पौंड. युक्ती अशी होती: संस्थेने सरकारी रोखे विकत घ्यायचे, योजनेत सामील झालेल्यांना ते नाममात्र किमतीला द्यायचे, त्यांनी ते बाजारभावाने विकून आलेले पैसे ‘देणगी’ म्हणून संस्थेला परत करायचे आणि त्या देणगीवर करसवलत मागायची. संस्थेनेही आपल्या बाजूने ४ कोटी ६० लाख पौंडांचा कर परतावा मागितला. कमिशनने चौकशी केली आणि २०१२ मध्ये ती बंदही केली. संस्था कायद्याच्या व्याख्येत बसते, असं त्यांचं म्हणणं. कर खात्याने मात्र दमडी दिली नाही. २०१३ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने आणि राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने कमिशनला चांगलंच फैलावर घेतलं.

एकाच संस्थेचे कागद दोन कार्यालयांनी पाहिले आणि दोघांना वेगळं दिसलं, कारण दोघं वेगळं शोधत होती. एखाद्या संस्थेची माहिती काढायला बसाल तेव्हा ही गोष्ट डोक्यात ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत.

पायरी १: रूप आणि दर्जा वेगळे करा

ट्रस्ट, सोसायटी, कंपनी ही संस्थेची कायदेशीर रूपं. ‘धर्मादाय’ हा तिला मिळालेला दर्जा. रूप देणारं कार्यालय आणि दर्जा देणारं कार्यालय एकच असेल असं नाही. महाराष्ट्रातल्या संस्थांच्या फायलीत याची गंमत दिसते. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते, म्हणून एकाच संस्थेच्या लेटरहेडवर दोन क्रमांक असतात: एक सोसायटीचा आणि दुसरा ‘एफ’ अक्षर लावलेला. नवखा माणूस पहिला क्रमांक बघून खूश होतो. कंपनीच्या रूपातली ना-नफा संस्था असेल तर तिची कागदपत्रं भलतीकडेच, कंपनी निबंधकाकडे.

तेव्हा संस्थेची मूळ घटना किंवा न्यासपत्र मागा आणि दोनच गोष्टी शोधा: कोणत्या कायद्याखाली ती जन्मली आणि उद्देशाच्या कलमात काय लिहिलंय. उद्देशाचं कलम पूर्ण वाचा. पुढे कधी वाद झाला तर नियामक सगळ्यात आधी तेच उघडतो.

पायरी २: कोणतं काम कोणाकडे, याचा तक्ता करा

सरकार धर्मादाय संस्थेकडे चार कारणांनी बघतं. ती खरोखर सार्वजनिक हिताची आहे का, तिला करसवलत द्यायची का, ती लोकांकडून पैसे कशी गोळा करते आणि तिला परदेशातून पैसे येतात का. काही देशांत यातली बरीच कामं एका दाराशी होतात, काही ठिकाणी चार दारं.

इंग्लंड-वेल्समध्ये दर्जा आणि देखरेख चॅरिटी कमिशनकडे, तर कर महसूल खात्याकडे. कायमस्वरूपी कमिशन तिथे १८५३ च्या कायद्याने आलं. देणग्या मागण्याच्या पद्धतींवर लक्ष ठेवायला २०१६ पासून वेगळी संस्था आहे, आणि ती सरकारी नाही. क्षेत्राने स्वतःवर लावून घेतलेला तो चाप आहे. स्कॉटलंडचा नियामक वेगळा, आणि तिथे संस्था कितीही लहान असली तरी नोंदणी चुकत नाही. इंग्लंडमध्ये साधारणपणे वर्षाला ५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या बऱ्याच लहान संस्था नोंदवहीत नसतात, तरी कायद्याने त्या धर्मादायच असतात. म्हणजे ‘नोंदवहीत नाव नाही, म्हणजे बोगस’ हाही निष्कर्ष घाईचा.

कॅनडात राष्ट्रीय पातळीवर सगळा भार कर खात्यावर. अमेरिकेत करमुक्तीचा दर्जा संघराज्याचं कर खातं देतं, पण विश्वस्तांनी पैशाचं काय केलं हे विचारण्याचा जुना अधिकार प्रत्येक राज्याच्या ॲटर्नी जनरलचा, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचा. ऑस्ट्रेलियाने २०१२ च्या डिसेंबरात फक्त धर्मादाय संस्थांसाठी राष्ट्रीय आयोग उभारला. त्याआधी तिथेही कोण धर्मादाय हे मुख्यतः कर खातंच ठरवत असे. आयर्लंडचा नियामक २०१४ चा.

भारतात चित्र राज्याराज्यांत बदलतं. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त आहेत, गुजरातेतही तोच जुना मुंबईचा कायदा वारशाने गेला, पण असं कार्यालय सगळ्या राज्यांत नाही. करसवलत आयकर खात्याकडे; १२ए आणि ८०जी ही नावं ऐकली असतील, ती १९६१ च्या आयकर कायद्यातली कलमं. परदेशी निधी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे, २०१० च्या एफसीआरए (परदेशी योगदान विनियमन) कायद्याखाली. शाळा किंवा दवाखाना चालवत असाल तर त्या क्षेत्राची खाती वेगळी.

आता एका कागदावर चार रकाने आखा आणि तुमच्या संस्थेपुरतं भरा: कार्यालय, कायदा, क्रमांक, शेवटचा कागद कधी गेला. शेवटचा रकाना भरताना बहुतेक संस्थांची धावपळ होते, आणि त्यातच संस्थेबद्दल बरंच काही कळतं.

पायरी ३: नोंदवही वाचा

नोंदवही ऑनलाइन असेल तर काम सोपं. इंग्लंडच्या नोंदवहीत विश्वस्तांची नावं, मागच्या काही वर्षांचं उत्पन्न-खर्च आणि हिशेब वेळेवर आले की उशिरा, हे सगळं उघड दिसतं. तिथे वर्ष संपल्यापासून १० महिन्यांत विवरण द्यायचं असतं. ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात ही मुदत सहा महिन्यांची. अमेरिकेत ‘फॉर्म ९९०’ नावाचं विवरण पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं, मुदतवाढ मागता येते, आणि तो फॉर्म कोणीही मागून वाचू शकतो. सलग तीन वर्षं भरला नाही तर करमुक्तीचा दर्जा आपोआप जातो. कोणी सुनावणी घेत बसत नाही. चर्चना हा फॉर्म भरावाच लागत नाही, ही त्या व्यवस्थेतली मोठी फट, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे.

महाराष्ट्रात नोंदवहीचा जो उतारा मिळतो त्याला सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात. त्यात विश्वस्तांची नावं, मालमत्ता आणि झालेले बदल असतात. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, जमीन घेतली, की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. बोलीभाषेत ‘चेंज रिपोर्ट’. इथे नवीन माणसाने डोळे उघडे ठेवावेत. कार्यकारिणीची निवडणूक होते, हार-तुरे होतात, नवे लोक सह्या करू लागतात आणि शेड्यूल वनवर नावं मात्र जुनीच, कधी कधी निधन झालेल्यांचीही. कारण बदल अर्ज केला की तो लगेच नोंदला जातो असं नाही. त्याची चौकशी होते, हरकत आली तर प्रकरण लांबतं, आणि आधीचा अर्ज अडकलेला असेल तर पुढचाही त्याच्या मागे उभा राहतो. तुम्हाला कोणी विश्वस्त व्हायला बोलावलं असेल तर होकार देण्याआधी विचारा: किती बदल अर्ज प्रलंबित आहेत आणि कोणत्या सालापासून?

पायरी ४: हिशेब वाचा, पण टक्केवारीच्या मागे लागू नका

‘शंभरातले किती रुपये गरजूंपर्यंत पोचतात?’ हा प्रश्न फार लोकप्रिय आहे आणि माझ्या मते फार फसवा. प्रशासकीय खर्च कमी दाखवणं ही बऱ्याचदा लेखापालाची कला असते. तोच पगार ‘कार्यक्रम’ या शीर्षकाखाली टाकला की टक्केवारी सुधारते. दुसऱ्या बाजूने, ज्या संस्थेकडे हिशेबनीस नाही, अंतर्गत तपासणी नाही, तिचा प्रशासकीय खर्च अर्थातच कमी! सरकारंही या मोहात पडतात. भारतात परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. प्रशिक्षण, संशोधन किंवा कायदेशीर मदत हेच ज्यांचं काम, त्यांची मुख्य गुंतवणूकच माणसांत असते. त्यांना कोणता पगार कुठे दाखवायचा याचाच घोर लागला.

मग बघायचं काय? मी या क्रमाने बघतो.

आधी लेखापरीक्षकाचा अहवाल, तोही शेवटून. शेरे, आक्षेप नोंदवून दिलेलं मत (‘क्वालिफाइड ओपिनियन’), ‘आम्हाला माहिती उपलब्ध झाली नाही’ अशी वाक्यं. महाराष्ट्राच्या कायद्यात लेखापरीक्षकाने अनियमित, बेकायदा किंवा अयोग्य खर्च, वसूल न केलेल्या रकमा आणि पैशाची उधळपट्टी यांची नोंद करायची असते. त्याच्या छापील प्रश्नावलीत विश्वस्तांपैकी कोणी संस्थेचा देणेकरी वा घेणेकरी आहे का, दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का, असे नेमके प्रश्न आहेत. निविदांच्या प्रश्नातली मूळ मर्यादा ५ हजार रुपयांची. या रकमेत आज एक भिंत रंगवून होणार नाही, पण त्यामुळेच हा प्रश्न उपयोगी झालाय; जवळपास प्रत्येक कामाला तो लागू होतो. या रकान्यांत दरवर्षी ‘निरंक’ असेल आणि त्याच काळात इमारत उभी राहिली असेल, तर इमारतीची फाईल मागा.

त्यानंतर विश्वस्तांशी संबंधित व्यवहार. अमेरिकेच्या फॉर्म ९९० ला ‘शेड्यूल एल’ नावाची पुरवणी आहे, हितसंबंधी व्यक्तींशी झालेले व्यवहार तिथेच सापडतात. व्यवहार झाला म्हणजे गैर झालं असं नाही. विश्वस्ताच्या भावाने संस्थेला स्वस्तात जागा दिली असेल. तो विश्वस्त त्या ठरावाच्या वेळी बाहेर उठून गेला का आणि इतिवृत्तात तसं लिहिलंय का, एवढं बघायचं.

मग ठरावीक हेतूसाठी आलेला निधी. वसतिगृहासाठी आलेले पैसे पगारावर गेले तर तो केवळ नियोजनाचा घोळ राहत नाही, देणगीदाराच्या विश्वासाचा भंग होतो. ताळेबंदात वसतिगृह निधी ४० लाख दिसतो आणि बँकेत आणि ठेवींत मिळून सगळे १५ लाख, समजा असं असेल, तर उरलेले २५ लाख कुठेतरी वापरले गेलेत. कदाचित वसतिगृहावरच. पण विचारायला हवं. मला विचाराल तर वर्षाच्या सगळ्या हिशेबात हा एक ताळा सगळ्यात जास्त बोलका असतो.

पायरी ५: नियामकाच्या हातात काय आहे, ते ओळखा

लोकांना वाटतं, नियामक म्हणजे नोंदणी रद्द करणारा. प्रत्यक्षात ते हत्यार क्वचित निघतं, आणि दरवेळी कामाचंही नसतं. संस्थेचं नाव नोंदवहीतून गेलं तरी जमीन आणि ठेवी राहतातच, त्या कोणाच्या हातात राहतात हा खरा प्रश्न. अमेरिकेत कर खात्याने करमुक्ती काढली तर संस्थेवर कर लागतो, मूळ पैसा वाचवायला ॲटर्नी जनरललाच कोर्टात जावं लागतं. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी २०१८ मध्ये ट्रम्प फाउंडेशनवर असाच दावा लावला. संस्था गुंडाळली गेली आणि २०१९ मध्ये कोर्टाने ट्रम्प यांना २० लाख डॉलर भरायला सांगितले.

उपयोगी अधिकार मधल्या पायऱ्यांवर असतात: कागद मागणं, लेखी सूचना, जाहीर ताकीद, बँक खातं गोठवणं, विश्वस्ताचं निलंबन, काही काळ कारभारी नेमणं. महाराष्ट्रात यात एक भारी अधिकार आहे, तो म्हणजे १९५० च्या कायद्याचं कलम ३६. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि बाकी जागा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावरही देता येत नाही. मोठ्या शहरांत जुन्या संस्थांच्या जमिनींचे भाव बघितले तर हे कलम किती वजनदार आहे ते कळेल. विश्वस्ताला निलंबित करण्याचा आणि काढण्याचा अधिकार कलम ४१-ड मध्ये.

नवीन विश्वस्तांनी ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेचं प्रकरण वाचून ठेवावं. हैतीमधल्या भूकंपानंतरच्या मदतकार्यात कर्मचाऱ्यांचं लैंगिक गैरवर्तन २०११ मध्ये उघड झालं, संस्थेने अंतर्गत चौकशी केली आणि चॅरिटी कमिशनला कळवलंही. पण अर्धवट. २०१८ मध्ये वर्तमानपत्राने सगळं बाहेर काढलं, कमिशनने वैधानिक चौकशी लावली आणि २०१९ च्या जूनमध्ये जाहीर ताकीद दिली. बदनामी टाळायला जे झाकलं त्याने सात वर्षांनी दुप्पट बदनामी झाली. गंभीर घटना घडली तर नियामकाला स्वतःहून कळवा आणि पूर्ण कळवा. वकील ‘थोडं थांबू’ म्हणाले तर ते तसं का म्हणताहेत, हे लेखी मागा.

पायरी ६: नियामक कितपत स्वतंत्र, हे तपासा

आता मुख्य मुद्दा. धर्मादाय संस्था बऱ्याचदा सरकारच्याच धोरणांवर बोलतात. धरणग्रस्तांसाठी काम करणारी संस्था सरकारला प्रश्न विचारणारच. तिच्या गळ्याभोवतीचा दोर सरकारच्याच हातात असेल, तर ती किती मोकळेपणाने बोलेल? म्हणून ‘नियामक स्वतंत्र हवा’ असं म्हटलं जातं. पण ‘स्वतंत्र’ हा शब्द कायद्याच्या शीर्षकात वाचून समाधान मानू नका. पाच ठिकाणी हात लावून बघा: प्रमुखाला कोण नेमतं, त्याला कोण काढू शकतं, पैसे कुठून येतात, एखाद्या विशिष्ट प्रकरणात मंत्री आदेश देऊ शकतो का आणि निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागायची.

चॅरिटी कमिशनला हे लावून पाहू. कायदा साफ म्हणतो की कामकाजात त्यावर कोणत्याही मंत्र्याचा आदेश वा नियंत्रण चालणार नाही. उत्तम. पण अध्यक्ष नेमतो मंत्रीच. २०१८ मध्ये संसदीय समितीने टीना स्टोवेल यांच्या नावाला एकमताने नकार दिला, तरी त्यांची नेमणूक झाली. समितीचं मत बंधनकारक नव्हतं. पैसेही सरकारी तिजोरीतून. दाद मात्र स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे. काढण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तर उरलेल्या चारपैकी दोन ठिकाणी भक्कम, दोन ठिकाणी सरकारचा हात पोचतो, एवढंच म्हणता येईल.

न्यूझीलंडने उलटा प्रवास केला. २००५ च्या कायद्याने तिथे वेगळं कमिशन आलं, २०१२ मध्ये ते मोडून काम अंतर्गत व्यवहार खात्याकडे दिलं, फक्त नोंदणीचे निर्णय एका छोट्या मंडळाकडे ठेवले. त्याच देशात ग्रीनपीसची लढाई गाजली. २०१० मध्ये नोंदणी नाकारली गेली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राजकीय स्वरूपाचा उद्देश असला म्हणून संस्था आपोआप अपात्र ठरत नाही, तरी पुन्हा नकार आला आणि अखेर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षं! न्याय मिळाला हे खरं, पण इतकी वर्षं वकिलांची फी भरणं किती संस्थांना झेपेल?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात नियामकाला वाचवलं ते संसदेने. आयोग स्थापन होऊन दोन वर्षंही झाली नव्हती तोच २०१४ मध्ये तो रद्द करण्याचं विधेयक आलं. ते पार झालं नाही. २०२१ मध्ये सरकारने नियम आणला की आंदोलनातल्या किरकोळ गुन्ह्यांवरूनही संस्थेची नोंदणी काढता यावी. सिनेटने तो नोव्हेंबरमध्ये फेटाळला.

अमेरिकेतले बहुतेक ॲटर्नी जनरल निवडून आलेले असतात. ते वॉशिंग्टनचे आदेश पाळत नाहीत, पण त्यांना पुढची निवडणूक असते. सरकारपासून स्वतंत्र आणि राजकारणापासून स्वतंत्र या दोन गोष्टी वेगळ्या, हे त्यातून दिसतं.

महाराष्ट्रातले धर्मादाय आयुक्त राज्याच्या विधी व न्याय विभागाखाली येतात, पण त्यांचं बरंचसं काम अर्धन्यायिक आहे: नोटीस, सुनावणी, पुरावा, कारणांसह आदेश, त्यावर अपील. थोडं अधिकारी, थोडं न्यायाधीश असं हे पद. उशीर हा त्याचा जुना आजार, पण आदेशात कारणं लिहावी लागतात ही संस्थेसाठी मोठी ढाल आहे. एफसीआरएची गोष्ट निराळी. तिथे देखरेख सरळ गृह मंत्रालयाची, दृष्टी सुरक्षेची, आणि नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने मागायची. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरतो आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या तरतुदी वैध ठरवल्या. परदेशी निधीवर सरकारने लक्ष ठेवू नये, असं मी म्हणणार नाही. पण चौकशी करणारा, निर्णय देणारा आणि ज्याच्या धोरणावर टीका होऊ शकते तो, हे तिघंही एकाच छताखाली असले की संस्था बोलण्याआधी दहादा विचार करते.

पायरी ७: तक्रार करायची असेल तर

आधी हे ठरवा की प्रकरण कोणाचं. पैशाची चोरी झाली असेल तर पोलीस. कर्मचाऱ्याचा पगार थकला असेल तर कामगार कायदा. दारावर येऊन पावती फाडायला जबरदस्ती केली, तर देणगी गोळा करण्यावर देखरेख करणारं कार्यालय. सेवा वाईट मिळाली तर बहुधा संस्थाच. दोन गटांमधलं भांडण असेल, तर नियामक सहसा ‘तुमचं तुम्ही मिटवा’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. नियामकाचं प्रकरण तेव्हा होतं जेव्हा धर्मादाय पैसा किंवा मालमत्ता धोक्यात असते, उद्देशाबाहेर वापरली जाते किंवा विश्वस्त स्वतःचा फायदा करून घेतात.

शक्य असेल तर पहिलं पत्र विश्वस्तांनाच लिहा आणि त्याची पोच जपून ठेवा. ‘आम्ही त्यांना विचारलं, उत्तर आलं नाही’ या एका वाक्याने तक्रारीचं वजन वाढतं. जिथे विचारल्यावर पुरावाच गायब होईल अशी भीती असेल, तिथे मात्र थेट नियामकाकडे जा.

तक्रारीची भाषा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ‘विश्वस्त संस्था लुटून खात आहेत’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘१२ जूनच्या सभेत संस्थेचा तळमजला एका कंपनीला दोन वर्षांसाठी भाड्याने देण्याचा ठराव झाला. कंपनीचे संचालक हे अध्यक्षांचे बंधू आहेत. इतिवृत्तात हितसंबंध जाहीर केल्याची नोंद नाही. शेजारच्या गाळ्याचं भाडं याच्या तिप्पट आहे. ठरावाची प्रत, कंपनीचा संचालकांचा तपशील आणि शेजारचा करारनामा जोडला आहे.’ यात आरोपाचा एक शब्द नाही, पण अधिकाऱ्याला नोटिशीत काय विचारायचं ते आयतं मिळालं. तारीख, रक्कम, व्यक्ती, कागद. मत शेवटी, एका ओळीत, हवंच असेल तर.

तुम्ही स्वतः कर्मचारी असाल तर तक्रारीआधी तुमच्या देशात अशा माहिती देणाऱ्याला काय संरक्षण आहे, ते वकिलाला विचारा, आणि कार्यालयाचे कागद घरी नेण्याआधी तर नक्कीच विचारा.

महाराष्ट्रात दिवाणी दाव्याचा मार्गही आहे. संस्थेत हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घेऊन कलम ५० खाली दावा लावू शकतात. एकट्याने करायचं हे काम नाही, कायद्यानेही नाही आणि व्यवहारातही नाही.

आदेश आला की त्यावरची तारीख आधी बघा, मजकूर नंतर. इंग्लंडमध्ये कमिशनच्या निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जायला ४२ दिवस मिळतात. महाराष्ट्रात उप किंवा सहायक आयुक्तांच्या आदेशावर कलम ७० खालचं अपील ६० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे करायचं, आणि त्यांच्या निर्णयावर कलम ७२ खाली तेवढ्याच दिवसांत न्यायालयात जायचं. प्रमाणित प्रत मिळायला वेळ लागतो, म्हणून तिचा अर्ज आदेश झाला त्याच दिवशी टाका.